फुटपाथवर कुठली चाकं चालतील?

‘फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे’ हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण शब्दशः घेतलं की पंचाईत होते. व्हीलचेअरवरच्या माणसाने मग कुठून जायचं? बाबागाडीत पोर घालून निघालेल्या आईने? मंडईतून भाजीची दोनचाकी ट्रॉली ओढत येणाऱ्या आजींनी? सोसायटीच्या दाराशी सायकल शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीने? या सगळ्यांकडे चाकं आहेत आणि यांतल्या एकालाही रस्त्यावर उतरा म्हणून सांगायला आपली जीभ रेटणार नाही. सिग्नलला कंटाळून फुटपाथवर गाडी घालणाऱ्याकडेही चाकंच आहेत, पण त्याला मात्र वर येऊ द्यायला आपण तयार नाही.

तेव्हा चाकं बघून निवाडा होत नाही. मोटर आहे की नाही यावरूनही होत नाही, कारण बॅटरीवरच्या व्हीलचेअरला मोटर असते आणि उतारावरून सुसाट येणाऱ्या सायकलला नसते. निवाडा होतो तो वेगावर आणि वेगाच्या जोडीला वजनावर. हे एकदा डोक्यात बसलं की फुटपाथबद्दलची निम्मी भांडणं आपोआप मिटतात. उरलेली निम्मी जागेची आहेत. ती तशी मिटत नाहीत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

आपण साधारण ताशी ४ ते ५ किलोमीटरने चालतो. हाताने ढकलायची व्हीलचेअर, बाबागाडी, ट्रॉली यांचा वेग तेवढाच, कारण मागे चालणारा माणूसच असतो. सायकल सहज १५ ने जाते. फुटपाथवर चढलेली स्कूटर मोकळी जागा दिसली की २० ने. रस्त्यावर २० म्हणजे काहीच नाही. पण टक्कर किती लागेल हे वजनावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग तिप्पट झाला की मार नऊपट. हिशेब करून पाहा. ६५ किलोचा माणूस १५ किलोच्या व्हीलचेअरमधून ताशी ५ ने येतोय आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस शंभरेक किलोच्या स्कूटरवरून ताशी २० ने. दुसऱ्याच्या धडकेत पहिल्याच्या तीसपटीहून जास्त जोर असतो.

थांबण्याचंही तसंच. ताशी १५ ने जाणारी सायकल एका सेकंदात ४ मीटर पुढे सरकते आणि समोर कोणी आलंय हे कळून ब्रेक आवळेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. त्यापुढे प्रत्यक्ष थांबायला आणखी तीनेक मीटर. एकूण सात. आता आपल्याकडचा फुटपाथ डोळ्यांसमोर आणा. दुकानाची पायरी थेट त्यावर उतरते, सोसायटीचं फाटक त्याला चिकटून उघडतं, दवाखान्याच्या जिन्यातून बाहेर पडणारा माणूस पहिलं पाऊल फुटपाथवरच टाकतो. तो दिसतो तेव्हा दीड-दोन मीटरवर असतो. ज्याला थांबायला सात मीटर लागतात त्याचा हात कितीही साफ असला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

शिवाय धडक बसायलाच हवी असंही नाही. सत्तरीच्या माणसाच्या कोपराजवळून, मागून, आवाज न करता काहीतरी सर्रकन गेलं की तो दचकतो. बाजूला होताना पाय चेंबरच्या वर आलेल्या झाकणाला अडकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. चालवणारा तोवर पुढच्या चौकात पोचलेला असतो, त्याला काही झालंय याचा पत्ताही नसतो. असा अपघात नोंदला गेलाच तर ‘पाय अडकून पडले’ म्हणून. बॅटरीच्या गाड्या आल्यापासून यात भर पडली आहे. पूर्वी गाडी फुटपाथवर आली तर निदान ऐकू यायची.

वेगाचं हे तत्त्व काही देशांनी थेट नियमांत उतरवलं आहे. ब्रिटनमध्ये अपंग आणि वृद्धांसाठीच्या मोबिलिटी स्कूटरला फुटपाथवर ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत राहावं लागतं. त्यातली मोठी जात रस्त्यावर ८ मैलांनी चालते, पण तीच फुटपाथवर चढली की ४ वर आणावी लागते. जपानने जुलै २०२३ मध्ये छोट्या ई-स्कूटरसाठी नवे नियम केले, त्यात मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. ठरावीक फुटपाथांवर या स्कूटरला परवानगी मिळते, पण ताशी ६ किलोमीटरची मर्यादा यंत्रातच लावल्यावर. ती लावली की गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. दिवा स्थिर असेल तर ती गाडी रस्त्याची. समोरून येणाऱ्या आजोबांना आणि हवालदाराला वेग मोजायची गरज उरत नाही, दिवा बघितला की झालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने ई-स्कूटरला फुटपाथवर ताशी १२ ची मर्यादा घातली. सिंगापूरने आधी वेगमर्यादा लावून पाहिल्या आणि शेवटी ५ नोव्हेंबर २०१९ पासून ई-स्कूटरना फुटपाथवरून सरळ खाली उतरवलं. क्वीन्सलँडचे १२ मला तरी जास्तच वाटतात. चालणाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेग म्हणजे मागून येणं आलं, आणि मागून येणं आलं की दचकणं आलं.

आपल्याकडचा कायदा याहून ढोबळ आहे, पण मुद्द्यावर स्पष्ट आहे. मोटार वाहन फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर चालवायचं नाही. गणवेशातल्या पोलिसाने वळवलं तरच अपवाद. हे १९८९ च्या नियमांत होतं आणि ते बदलून आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून उभी केलेली गाडीही याच नियमांत सापडते. गोंधळ होतो तो सीमारेषेवरच्या गाड्यांचा. ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत, ती कागदोपत्री मोटार वाहन धरली जात नाही. नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. घरपोच सामान पोचवणाऱ्या अनेक पोरांकडे हीच गाडी असते, आणि नंबर नाही म्हणजे फुटपाथही चालतो असा समज झालेला दिसतो. गाडीचं वजन साठ-सत्तर किलो, वर माणूस, पाठीवर पिशवी, वेग पंचवीस. वर केलेला हिशेब तिलाही तसाच्या तसा लागू पडतो.

दुसऱ्या टोकाला एक छान उदाहरण आहे. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं आणि २०२१ मध्ये बाजारात आलेलं निओबोल्ट हे व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक आहे. जोडलं की व्हीलचेअर ताशी २५ पर्यंत जाते, मग ती रस्त्याची. ऑफिसपाशी पोचलं की ते काढायचं आणि त्याच खुर्चीवरून फुटपाथने आत जायचं. माणूस तोच, खुर्ची तीच, फक्त वेग बदलला आणि त्याबरोबर जागा बदलली.

बोलार्डचं कोडं

आता जागेकडे. फुटपाथवर गाड्या चढतात म्हटल्यावर महापालिकेला सुचणारा पहिला उपाय म्हणजे तोंडाशी बोलार्ड ठोकणं. त्या खांबांत किती अंतर ठेवायचं, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. साधी ११० सीसीची स्कूटर हँडलपाशी ७० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. व्हीलचेअर साधारण ६५ ते ७०, पण ती चालवणाऱ्याची कोपरं चाकांच्या बाहेर येतात, त्यामुळे तिला किमान ९० सेंटिमीटर मोकळे लागतात. म्हणजे व्हीलचेअर ज्या फटीतून जाते त्या फटीतून स्कूटर आरामात जाते, आणि स्कूटर अडवायची म्हणून फट कमी केली की पहिली अडकते ती व्हीलचेअर. स्कूटरवाला दोन पावलं पुढे जाऊन सोसायटीच्या फाटकाच्या उतारावरून वर चढतो. व्हीलचेअरवाल्याला तो पर्याय असेलच असं नाही.

मुंबईत हा प्रश्न २०२३ मध्ये थेट उच्च न्यायालयात पोचला. बोलार्डमुळे फुटपाथवर जाताच येत नाही, अशी ई-मेल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने केली होती आणि न्यायालयाने स्वतःहून तिची याचिका करून घेतली. बोलार्ड लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हताच. चालणाऱ्यांना गाड्यांपासून वाचवायला ते लावले होते. चालणारा म्हणजे दोन पायांवरचा धडधाकट माणूस, हे मात्र कोणीतरी न बोलता गृहीत धरलं होतं.

रुंदीने गाडी आणि व्हीलचेअर वेगळी काढता येत नाही, मग कशाने काढता येते? बऱ्याच अंशी फुटपाथच्या घडणीने. आपल्याकडे फुटपाथ दर फाटकाला तुटतो. पंधरा पावलं चाललं की खाली उतरा, फाटक ओलांडा, पुन्हा वर चढा. प्रत्येक तुटलेली जागा म्हणजे दुचाकीला वर यायचा दरवाजा. याच्या उलट फुटपाथ त्याच उंचीने फाटकासमोरून सलग पुढे नेला आणि चढ-उतार गाडीच्या वाट्याला दिला, तर चालणाऱ्याला सपाट वाट मिळते आणि गाडीला आत-बाहेर करताना वेग कमी करावाच लागतो. छोट्या गल्लीच्या तोंडाशीही असंच करता येतं: झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणायचं, गाडीने त्यावर चढून जायचं. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. रस्ता करताना सपाटी कोणाला द्यायची एवढं आधी ठरवावं लागतं.

आणि गाडी फुटपाथवर का येते, हेही विचारायला हवं. बऱ्याचदा कारण पुढच्या दुभाजकात असतं. पलीकडच्या गल्लीत शिरायला कायदेशीर वळण अर्धा किलोमीटर पुढे, आणि राँग साइडने गेलं तर पन्नास पावलं. राँग साइडला समोरून बस आली की सुटका फुटपाथवर. यात चूक गाडीवाल्याचीच, पण तोच फुटपाथ रोज त्याच वेळी तसाच वापरला जात असेल तर तिथे हवालदाराइतकाच रस्त्याच्या आराखड्याचाही विचार व्हायला हवा. पुण्यात २०२० मध्ये एक ज्येष्ठ बाई फुटपाथवर मधोमध उभ्या राहून दुचाकीवाल्यांना खाली उतरवत असल्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला होता. कौतुक भरपूर झालं, आणि ते योग्यच होतं. पण एका वयस्कर बाईने अंगावर गाडी घेण्याची तयारी ठेवली तरच फुटपाथ मोकळा राहणार असेल, तर तिथली रस्त्याची व्यवस्था संपलेली आहे असंच म्हणावं लागेल.

रुंदी, आणि खालची जमीन

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त. हा आकडा हवेतून आलेला नाही. एका व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर, समोरून दुसरी आली तर आणखी ९०. ‘मोकळी’ या शब्दावर बोट ठेवायला हवं. फुटपाथ अडीच मीटरचा आहे, पण मध्ये विजेचा डीपी, झाडाचा पार, नामफलक, सिग्नलचा खांब आणि दुकानाबाहेर लावलेल्या बादल्या असतील, तर चालायला उरतात ते ६० सेंटिमीटर. मानकाप्रमाणे या वस्तू रस्त्याकडच्या एका पट्ट्यात ओळीने यायला हव्यात. आपल्याकडे त्या प्रत्येक खात्याच्या सोयीने येतात.

उंचीसाठीही मानक आहे: रस्त्यापासून जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांब उतार लागतो. प्रत्यक्षात दोन फुटांत चढ संपवलेले सिमेंटचे ढिगारे दिसतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा थांबतो, खुर्ची उलटी फिरवतो आणि पाठीकडून ओढून वर घेतो. एकट्या माणसाला हे जमत नाही.

व्हीलचेअर जवळून कधी पाहिली नसेल तर तिची पुढची चाकं बघा. मागची मोठी, हाताने फिरवायची. पुढची दोन लहान, वीतभरसुद्धा नसतात. दोन पेव्हर ब्लॉकमधली माती वाहून गेली, चेंबरचं झाकण बोटभर वर आलं किंवा जाळीच्या पट्ट्या चालायच्या दिशेला आडव्या बसवण्याऐवजी समांतर बसवल्या, की हे लहान चाक तिथे रुततं. खुर्ची थांबते, माणूस थांबत नाही, तो पुढे फेकला जातो. बाबागाडी आणि मुलांची किक-स्कूटर यांनाही हाच धोका. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फुटपाथ पाणी वाहून जायला रस्त्याकडे किंचित कलता ठेवतात. पन्नासास एक एवढा कल चालतो. फाटकासमोर तो तीन-चार पट होतो आणि खुर्ची सतत रस्त्याकडे ओढ घेते. बसलेल्याला एका हाताने चाक धरून दुसऱ्याने ढकलत राहावं लागतं. शंभर मीटरमध्ये खांदे भरून येतात, आणि मग तो निमूटपणे रस्त्याच्या कडेने जाऊ लागतो. हाताने पॅडल मारायची तीनचाकी वापरणारे आपल्याला नेहमी रस्त्यावर दिसतात, त्याचं एक कारण हेही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे सगळे फुटपाथवर गेले असा याचा अर्थ नाही. पण ज्याला फुटपाथ वापरता येत नाही त्याला त्याच रस्त्यावर उतरावं लागतं, हेही त्या आकड्याशेजारी वाचायला हवं.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशांबद्दल थोडं. १९६५ मध्ये जपानच्या सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्यांच्या फरशा म्हणजे ‘सरळ चला’, ठिपक्यांच्या म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. अंध व्यक्ती पांढऱ्या काठीने आणि तळपायाने हे वाचते. काठी जमिनीवरचं सांगते. उभ्या स्कूटरचं कमरेच्या उंचीला पुढे आलेलं हँडल तिला कळत नाही, ते आधी पोटात लागतं. म्हणून त्या पिवळ्या पट्टीवर किंवा तिला खेटून काहीही उभं करू नये, सायकलसुद्धा.

सायकलवाल्याचं काय?

हा खरा अवघड प्रश्न आहे. सायकल चालणाऱ्याच्या मानाने वेगवान आणि बसच्या मानाने कागदासारखी. ब्रिटनच्या २०२० च्या रस्ता-रचनेच्या मार्गदर्शिकेने सायकल हे वाहन आहे, तिला पादचारी समजू नका, असं स्वच्छ लिहिलं आणि गर्दीच्या रस्त्यांवर दोघांना एका पट्टीवर कोंबण्याला नकार दिला. मला हे पटतं. जपानमध्ये १३ वर्षांखालची मुलं, सत्तरीपुढचे लोक आणि अपंग यांना फुटपाथवर सायकल चालते, पण रस्त्याकडच्या बाजूने, हळू, आणि चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबून. लहान मुलांबाबत आपण सगळे न सांगताच हा नियम पाळतो.

मोठ्यांसाठी वेगळा ट्रॅक लागतो, आणि नुसता रंगाचा पट्टा ओढून तो होत नाही. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकांच्या, काळात सातारा रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्यांकडेला सायकल ट्रॅक झाले. ट्रॅक फुटपाथला चिकटून, बऱ्याच ठिकाणी त्याच उंचीवर आणि तशाच फरशीचा. मग चालणारे सायकल ट्रॅकवरून चालतात, बसथांबा मध्येच येतो, ट्रॅक खांबापाशी संपतो आणि सायकलवाला एकतर फुटपाथवर चढतो किंवा वाहतुकीत उतरतो. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही झाला. चालणारा आणि सायकल यांच्यात उंचीचा चार-पाच सेंटिमीटरचा फरक आणि पायाला कळेल अशी वेगळी फरशी असती, तरी बरंच भागलं असतं.

तोवर रोजच्या वापरात काय? सायकल फुटपाथवर न्यावीच लागली तर उतरून हातात धरून न्यायची. उतरलात की तुमचा वेग पाचवर आला. बॅटरीची व्हीलचेअर किंवा मोबिलिटी स्कूटर चालवणाऱ्याने दुकानांच्या दारांपासून हातभर लांब राहायचं. मागून येताना घंटी एकदाच, लांबून. अगदी जवळ येऊन वाजवली तर समोरचा नेमका तुमच्या बाजूला उडी मारतो. त्यापेक्षा “काका, उजवीकडून येतोय हं” जास्त कामाला येतं. चालणाऱ्यांनीही चौघांनी हातात हात घालून आख्खी रुंदी अडवू नये, आणि व्हीलचेअर थांबलेली दिसली की न विचारता मागून ढकलायला धावू नये. आधी विचारावं. अचानक मागून धक्का बसला तर पुढचं लहान चाक रुतायला तेवढं पुरतं.

मोठ्या पातळीवर अलीकडे दोन गोष्टी घडल्या. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणमुक्त, अपंगांनाही वापरता येतील अशा फुटपाथांचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१ए) खाली नियम करायला सहा महिने दिले. हे कलम पादचाऱ्यांबद्दल आणि इंजिन नसलेल्या वाहनांबद्दल आहे. सायकल कुठे, हातगाडी कुठे, मुलांची स्कूटर कुठे, हे लिहून काढायची जागा कायद्यात आहे ती इथेच.

आपल्या भागातल्या फुटपाथची तक्रार करायची असेल तर ‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहू नका. तेवढ्यावर पेव्हर ब्लॉक उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसतात. मोजपट्टी घेऊन जा आणि मोजून लिहा: अमुक दुकानासमोर डीपी आणि झाडाचा कठडा यांच्यात ७० सेंटिमीटर जागा उरते, व्हीलचेअरला ९० लागते, मानक १.८ मीटरचं आहे. सोबत फोटो जोडा, आणि फोटोत पट्टीवरचा आकडा वाचता येऊ द्या.